युद्ध, प्रेम आणि कथेचा शेवटचा प्रसंग

सायंतारा (धागाकर्ती)

नमस्कार. १९४६ साली आलेल्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' या अमेरिकन चित्रपटातला एक प्रसंग बरेच दिवस माझी पाठ सोडत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

महायुद्धात दोन्ही हात गमावलेला होमर नावाचा नौसैनिक घरी परतला आहे. हातांच्या जागी पोलादी आकडे आहेत. त्या आकड्यांनी तो काडी ओढून सिगारेट पेटवतो आणि आपले सगळे सुरळीत चालले आहे असे चारचौघांत भासवत राहतो. शेजारची विल्मा त्याच्यावर आधीपासून प्रेम करते आणि तो तिला टाळत असतो. अखेर एका रात्री तो तिला सांगतो की वर माझ्या खोलीत चल, झोपण्याच्या वेळी माझे काय होते ते एकदा डोळ्यांनी पाहा आणि मग काय ते ठरव. खांद्यांवरचे पट्टे तो अंग आक्रसून उतरवतो, आकडे पलंगावर पडतात. रात्रीचा सदरा तो कसाबसा अंगात चढवतो, पण बटणे त्याला लावता येत नाहीत. तो म्हणतो की हे दार वाऱ्याने लागले तर मला ते उघडून बाहेर पडता येणार नाही, तान्ह्या मुलासारखी मला कुणाला तरी हाक मारावी लागेल. विल्मा पुढे होते आणि त्याची बटणे लावते. संगीत, अश्रू, आणाभाका यांतले काहीही त्या बटणांपेक्षा मोठे होऊ दिलेले नाही.

होमरची भूमिका करणारा हॅरल्ड रसेल हा व्यावसायिक नट नव्हता. १९४४ मध्ये सैन्यातल्या प्रशिक्षणाच्या वेळी झालेल्या स्फोटात त्याचे दोन्ही हात खरोखरच गेले होते. या एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाले. दिग्दर्शक विल्यम वायलर स्वतः युद्धकाळात बॉम्बफेकी विमानांतून चित्रीकरण करत होता आणि त्या कामात त्याची श्रवणशक्ती मोठ्या प्रमाणात गेली होती. या दोघांना युद्धाबद्दल बोलण्याचा अधिकार होता, आणि तो त्यांनी रणांगणावर न खर्चता एका झोपायच्या खोलीत खर्च केला, याचे मला फार अप्रूप वाटते.

युद्धपट कितपत खरा आहे हे ठरवताना आपण बहुधा गणवेश, हत्यारे, आवाज आणि रक्त एवढेच तपासतो. १९९८ च्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधला ६ जून १९४४ च्या ओमाहा किनाऱ्याचा प्रसंग याच निकषावर वाखाणला गेला, आणि ते रास्तच आहे. कॅमेऱ्याच्या शटरचा कोन मुद्दाम अरुंद ठेवल्यामुळे उडालेल्या मातीचा कण न् कण सुटा दिसतो, माणसांच्या हालचाली तुटक होतात, आणि रंगही फिके केलेले असल्यामुळे आपण जुनी बातमीफीत पाहत आहोत असे वाटते. त्या गदारोळात एक सैनिक आपला तुटून पडलेला हात वाळूतून उचलतो आणि तो घेऊन चालू लागतो. तो आपल्याला दोन-तीन सेकंद दिसतो. त्यानंतर कथा त्याला मागे सोडून पुढच्या मोहिमेवर निघून जाते. होमर म्हणजे मागे राहिलेला तोच माणूस आहे, असे मी स्वतःपुरते धरून चालते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की कथा काय दाखवते यापेक्षा ती कुठे थांबते, यावर तिचे खरेपण अधिक अवलंबून असते. युद्धकथा विजयापाशी किंवा वीरमरणापाशी थांबते, प्रेमकथा होकारापाशी किंवा विरहापाशी थांबते, आणि ज्याला आपण आयुष्य म्हणतो ते जवळजवळ सगळे त्या थांब्याच्या पलीकडे उरते. चेखॉव्हची 'द लेडी विथ द डॉग' ही १८९९ ची कथा मला म्हणूनच जवळची वाटते. विवाहित गुरोव आणि परक्याशी विवाहित आना यांची ही गोष्ट. कथेच्या शेवटाकडे हॉटेलच्या खोलीत गुरोवला आरशात आपले पिकू लागलेले केस दिसतात, आणि आपण आयुष्यात पहिल्यांदाच खरे प्रेम करतो आहोत हे त्याला तेव्हा कळते. चेखॉव्ह तिथे शेवट करतो खरा, पण खरी बिकट वाट आता कुठे सुरू होते आहे, हे त्या दोघांनाही उमगले आहे असे सांगून.

तुम्हाला हे कितपत पटते? उदाहरणे आणि आक्षेप दोन्ही हवे आहेत.

---

कातरवेळ

विषय माझ्या कामाचा आहे. मी संकलक आहे, म्हणजे कुठे थांबायचे हे ठरवण्यावरच माझे पोट चालते. म्हणूनच एक दुरुस्ती सुचवतो. थांबणे फक्त शेवटी नसते. प्रत्येक शॉट कुठे तरी थांबतो आणि तिथे काहीतरी गाळले जाते. प्रेमप्रसंगातली शांतता अवघडलेपणाकडे झुकण्याच्या आत आम्ही कात्री लावतो. प्रत्यक्षात दोन माणसांची ओळख बहुधा त्या अवघडलेपणातूनच होते. ते प्रेक्षकाला सोसणार नाही या भीतीने आम्ही ते कापतो, आणि अनेकदा ही भीती निराधार असते हेही कबूल करायला हवे.

आता युद्धाबद्दल. १९१६ मध्ये 'द बॅटल ऑफ द सोम' हा माहितीपट ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा ती लढाई अजून चालू होती. पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे दोन कोटी तिकिटे खपली असे मानले जाते. त्यातला सर्वांत गाजलेला तुकडा म्हणजे खंदकातून बाहेर पडून चढाई करणारे सैनिक आणि त्यांतले कोसळणारे काही जण. हा तुकडा आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी, रचून चित्रित केलेला होता. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते असे का करावे लागले हे. तिकाटण्यावर उभा केलेला, हाताने फिरवायचा जड कॅमेरा घेऊन खऱ्या चढाईच्या जवळ जाणे शक्यच नव्हते. खऱ्या हल्ल्याची दृश्येही त्या पटात आहेत, पण त्यांत लांबवर हलणारे मुंगीएवढे ठिपके दिसतात. ज्या सेकंदांना लोकांनी युद्ध म्हणून ओळखले ते सेकंद रचलेले होते, आणि जे खरे होते त्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही.

त्याच पटात आघाडीकडे निघालेले सैनिक कॅमेऱ्याकडे वळून बघतात, हसतात, टोप्या हलवतात. मी ती दृश्ये कामानिमित्त फ्रेम-फ्रेमने पाहिली आहेत. त्यांत रचलेले काही नाही.

(पडद्यावरच्या स्फोटांचेही असेच. केशरी ज्वाळांचा लोळ उठतो तो बहुतेक वेळा पेट्रोलचा असतो. तोफगोळा फुटतो तेव्हा मुख्यतः धूळ, माती आणि काळा धूर दिसतो. पण तसे दाखवले तर प्रेक्षकांना स्फोटच खोटा वाटतो.)

---

पहारेकरी

मी सैन्यात होतो. कुठे आणि केव्हा, याचा या चर्चेशी संबंध नाही.

कातरवेळ यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत आहे. नोकरीतला बहुतांश काळ वाट पाहण्यात गेला. पहाऱ्यावर उभे राहणे, खड्डे खणणे, ओले मोजे वाळवणे आणि पुन्हा वाट पाहणे. ज्या एका रात्री आमच्यावर सलग मारा झाला, त्या रात्रीची माझी सर्वांत ठळक आठवण बुटाच्या सुटलेल्या नाडीची आहे. बोटे थरथरत होती, गाठ बसत नव्हती, आणि ही नाडी बांधली की सगळे ठीक होईल असे मला मनापासून वाटत होते. कोण कुठे होते, काय झाले, हे मला दुसऱ्या दिवशी इतरांकडून कळले. आज मी तो प्रसंग सलग सांगू शकतो, पण ती सलगता माझी नाही, ऐकलेली आहे.

स्तांधाल या फ्रेंच लेखकाच्या १८३९ च्या कादंबरीत फाब्रीस नावाचा तरुण वॉटर्लूच्या रणांगणावर भटकतो. त्याला धूर दिसतो, चिखल उडताना दिसतो, घोडे दिसतात, पण लढाई म्हणून काही दिसत नाही. आपण पाहिले ती खरीच लढाई होती का, हा प्रश्न त्याला नंतरही पडलेला असतो. नेपोलियनच्या १८१२ च्या रशियन मोहिमेत स्तांधाल स्वतः होता. हे पान मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो, कारण माझी नाडी मला त्यात सापडली होती. याउलट स्टीव्हन क्रेन अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी जन्मला. कोणतेही युद्ध न पाहता त्याने १८९५ मध्ये त्या युद्धावर अशी कादंबरी लिहिली, की अनेक वाचकांना तो माजी सैनिकच वाटला. त्यामुळे 'ज्याने भोगले त्यानेच लिहावे' असे मी म्हणणार नाही. भीती त्याने कुठून तरी ओळखलेली होती.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. युद्धाविरुद्ध काढलेले चित्रपटही बराकीत युद्धाच्या बाजूने पाहिले जातात. अँथनी स्वॉफर्ड या अमेरिकन मरीनने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की आखाती युद्धावर निघण्यापूर्वी त्यांनी व्हिएतनामवरचे चित्रपट आणून पाहिले आणि त्यांतल्या हिंसेवर जल्लोष केला. हे चित्रपट नागरिकांना युद्धविरोधी वाटतात, सैनिकांना नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. मला यात नवल वाटले नाही. आम्हीही संवाद पाठ म्हणत होतो. पडद्यावर संगीताच्या तालावर येणारी हेलिकॉप्टरे पाहून ज्या वयात अंगावर काटा येतो, त्याच वयात माणसे भरती होतात.

आणि ती हेलिकॉप्टरे तरी कुणाची होती? 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) चे चित्रीकरण फिलिपिन्समध्ये झाले. हेलिकॉप्टरे तिथल्या सैन्याकडून घेतलेली होती, आणि बंडखोरांशी लढण्यासाठी ती चित्रीकरणाच्या मध्येच परत बोलावली जात. एकच यंत्र, तेच वैमानिक, सकाळी खोटे युद्ध आणि दुपारी खरे.

---

झुळूक

वाचते आहे. पहारेकरी, ती नाडीची आठवण इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

---

रात्रपाळी

मी परिचारिका होते, आता निवृत्त आहे. युद्ध मी पाहिलेले नाही, मरण मात्र पुष्कळ पाहिले आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते.

चित्रपटातला माणूस मरताना बोलतो. एक वाक्य पुरे करतो, मान कलते, आणि शेजारच्या माणसाला त्या वाक्याच्या आधारावर पुढचे आयुष्य काढता येते. इतक्या वर्षांत असे घडलेले मी एकदाही पाहिले नाही. बहुतेक माणसे शेवटचे काही तास, कधी काही दिवस, बोलतच नाहीत. श्वास लांबतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. नातेवाईक दर वेळी उठून उभे राहतात आणि पुन्हा बसतात. अनेकदा कुणी तरी चहा प्यायला म्हणून बाहेर जाते आणि नेमके तेव्हाच सगळे संपते. मग ते माणूस मला विचारते, "काही बोलले का हो?" या प्रश्नामागे सिनेमा आहे असे मला नेहमी वाटत आले. आपल्या माणसाने निरोपाचे वाक्य दिले नाही, याची खंत लोक उगीचच वर्षानुवर्षे बाळगतात. मी त्यांना सांगत असे की ऐकणे सर्वांत शेवटी जाते असे म्हणतात, तुम्ही बोललेले पोचले असेल.

प्रेमाबद्दल सायंतारा यांनी बटणांचा प्रसंग लिहिला, तसाच एक माझ्याकडे आहे. आमच्या वॉर्डात एक आजोबा रोज संध्याकाळी आपल्या पत्नीला भेटायला येत. तिला ते ओळखू येत नसत. आठवड्यातून एकदा ते तिची नखे कापत, आणि कापण्यापूर्वी तिची बोटे कोमट पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवत, म्हणजे नख मऊ होते आणि दुखत नाही. मी एकदा म्हटले की हे आम्ही करू. ते म्हणाले, "तिला डाव्या करंगळीला गुदगुल्या होतात, तुम्हाला ते माहीत नाही." मिखाएल हानेकेच्या २०१२ मधल्या 'अमूर' या चित्रपटात म्हातारा नवरा आजारी बायकोला भरवतो, उचलतो, फिरवतो. तो चित्रपट पाहताना माझ्या शेजारची दोन माणसे उठून गेली. मला मात्र पहिल्यांदाच वाटले की आमचे काम कुणी तरी पाहिले आहे.

---

शब्दसांधा

पहारेकरी यांच्या "ती सलगता माझी नाही, ऐकलेली आहे" या वाक्यावर मी अडले आहे, कारण हा मुद्दा कथा कुठे थांबते याच्याही मागे जातो. कथा आपल्या आठवणीतच शिरते.

स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात लढलेल्या शेकडो स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८५ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्यात एक नवरा आपल्या पत्नीला, जी स्वतः आघाडीवर होती, बजावतो की मी शिकवले तसेच सांग, रडू नकोस आणि बायकांच्या बारीकसारीक गोष्टी आणू नकोस. मुलाखतीच्या आदल्या रात्री त्याने तिच्याकडून युद्धाच्या अधिकृत इतिहासाची उजळणी करून घेतली होती. नवऱ्याने गाळायला सांगितलेल्या त्या बारीकसारीक गोष्टींनीच ते पुस्तक उभे आहे. अमेरिकेत कर्ट व्हॉनेगट यांना असाच प्रश्न उलट्या बाजूने भेटला. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन शहर बॉम्बफेकीत जळाले तेव्हा ते तिथे युद्धकैदी होते. त्यावर कादंबरी लिहायची ठरवून ते एका जुन्या सोबत्याच्या घरी गेले, तर सोबत्याची बायको संतापली. तुम्ही तेव्हा पोरे होतात, पण पुस्तकात पुरुष म्हणून मिरवाल, मग सिनेमात देखणे नट तुमच्या भूमिका करतील आणि युद्ध इतके छान दिसेल की आणखी युद्धे होतील, असे ती म्हणाली. तसे करणार नाही असा त्यांनी तिला शब्द दिला, आणि १९६९ च्या त्या कादंबरीचे उपशीर्षक लहान मुलांच्या धर्मयुद्धावरून ठेवले. हे सगळे त्यांनी कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात सांगितले आहे.

प्रेमाच्या बाबतीत फ्लोबेरची एमा बोव्हारी आहेच. मठातल्या शाळेत चोरून वाचलेल्या प्रणयकथांतून तिने प्रेमाची भाषा शिकलेली असते, आणि मग प्रत्यक्षातला कुठलाही पुरुष त्या भाषेत बोलत नाही.

मराठीतले एक उदाहरण देते, कारण ते कथेतले नसून पत्रातले आहे. १७६१ च्या पानिपतानंतर दक्षिणेत आलेल्या सावकारी पत्रात दोन मोत्ये गळाली, मोहोरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा मजकूर होता. हा मजकूर आपण शाळेपासून हेलावून वाचतो. पण दोन मोत्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात, आणि खुर्दा कोण, हे विचारायला भाषेने जागाच ठेवलेली नाही. कथा कुठे थांबते याच्याआधी ती कुणाला मोजते, हेही पाहावे लागेल.

---

मधलापडदा

मूळ प्रतिपादनाला माझा विरोध आहे. लग्नापाशी थांबणारी प्रत्येक कथा खोटी असते हे मला मान्य नाही. जेन ऑस्टिनच्या सगळ्या कादंबऱ्या लग्नापाशीच थांबतात. पण 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधली सत्तावीस वर्षांची शार्लट एका मूर्ख माणसाला होकार देते, तो केवळ डोक्यावर छप्पर असावे म्हणून. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्नानंतर स्त्रीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे, आणि वडिलांची इस्टेट मुलींना मिळेलच असे नव्हते. कुणाचे वार्षिक उत्पन्न किती पौंड, हे ऑस्टिन नायकाच्या डोळ्यांच्या रंगाआधी सांगते. लग्नापाशी थांबूनही तिने लग्नाबद्दल जे सांगितले, ते अनेक वास्तववादी म्हणवणाऱ्या कादंबऱ्यांना जमलेले नाही.

तीच गोष्ट युद्धाची. ती कादंबरी आली तेव्हा युरोप नेपोलियनच्या युद्धांत होरपळत होता. कादंबरीत मात्र लाल कोटातले रुबाबदार अधिकारी येतात, नाचतात, आणि त्यांची छावणी दुसरीकडे हलते. ही उणीव आहे असे म्हणतात. मला तो युद्धाचा अत्यंत खरा चेहरा वाटतो. युद्ध चालू असताना बहुसंख्य माणसे आघाडीपासून दूर असतात, आणि त्यांच्यासाठी युद्ध म्हणजे गावात आलेला एखादा देखणा गणवेशच असतो.

---

सायंतारा

सर्वांचे आभार. मधलापडदा यांचा आक्षेप मान्य करते. शार्लट मी विसरले होते, आणि तिला विसरून 'प्रेमकथा होकारापाशी थांबते' हे वाक्य लिहायला नको होते. रात्रपाळी, करंगळीच्या त्या वाक्यानंतर मी संध्याकाळभर दुसरे काही वाचू शकले नाही.

शब्दसांधा आणि पहारेकरी यांच्या मुद्द्यावर मला तॉल्स्तॉयकडे परत जावेसे वाटते. १८६९ मध्ये पूर्ण झालेली 'वॉर अँड पीस' विजयापाशीही थांबू शकली असती आणि लग्नापाशीही. तॉल्स्तॉय सात वर्षे पुढे जातो, डिसेंबर १८२० मध्ये. पहिल्या नृत्याला जाताना थरथरणारी नताशा आता चार मुलांची आई आहे, अंगाने भरली आहे, आणि बाळाच्या दुपट्यावरचा डाग हिरव्याऐवजी पिवळा आला, म्हणजे पोट सुधारले, हे आनंदाने दाखवायला केस विस्कटलेल्या अवस्थेत दिवाणखान्यात येते. एकेकाळी तिच्यावर जीव टाकणारा देनिसोव पाहुणा म्हणून आला आहे, आणि तो तिच्याकडे चकित होऊन, काहीशा खिन्नतेने पाहतो. अनेक वाचकांनाही देनिसोवसारखेच वाटत आले आहे. पूर्वी मलाही वाटे. मुले झाल्यावर पुन्हा वाचले तेव्हा मी त्या दुपट्यापाशी हसले.

पण तॉल्स्तॉय तिथेही थांबत नाही. घरातली मोठी माणसे झोपायला गेल्यावर पंधरा वर्षांच्या निकोलेन्काला स्वप्न पडते. त्याचे वडील, राजपुत्र आंद्रेई, बोरोदिनोच्या लढाईत झालेल्या जखमेने गेलेले आहेत, आणि त्याला त्यांचा चेहराही नीट आठवत नाही. स्वप्नात तो एका प्रचंड सैन्याच्या पुढे चालतो आहे, आणि त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, त्याच्या प्लुटार्कच्या पुस्तकातल्या चित्रांत असते तसे.